सासूबाईंकडे सेव्हिंग्ज आहेत म्हणून तुमचं केअरर्स असेसमेंट होत नाही? होतं!

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. सासूबाई ७८ वर्षांच्या, सत्तरच्या दशकापासून इंग्लंडमध्ये आहेत, पार्किन्सन्सला पाच वर्षं झाली आणि गेल्या वर्षापासून विसरणंही वाढलंय, इंग्रजी जवळजवळ गेलं, आता फक्त मराठी. तुम्ही आठवड्यातले तीन दिवस नोकरी करता, मिस्टर सोमवार ते गुरुवार कामासाठी बाहेरगावी, म्हणजे रात्रीसुद्धा तुम्हीच. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केलात तर पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की सासूबाईंच्या खात्यात किती आहेत, तुम्ही चाळीसेक हजार पौंड सांगितलेत, त्यावर त्या म्हणाल्या मग आम्ही काही करू शकत नाही, प्रायव्हेट एजन्सी बघा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की असेसमेंट मागितलं तर ते सासूबाईंना कळेल का.

मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरमध्ये सोळा वर्षं सोशल वर्कर आहे, अशी असेसमेंट्स स्वतः केलीत, त्यामुळे आतल्या बाजूने सांगते.

फोनवर जे सांगितलं ते चूक आहे. केअर ॲक्ट २०१४ म्हणून कायदा आहे, एप्रिल २०१५ पासून लागू. त्याच्या सेक्शन ९ मध्ये सासूबाईंचं नीड्स असेसमेंट, म्हणजे त्यांना कसली मदत लागते याची पाहणी, आणि सेक्शन १० मध्ये तुमचं, म्हणजे काळजी घेणाऱ्या केअररचं असेसमेंट, तुम्हाला काय मदत लागते ते बघणारं. दोन्हीकडे स्पष्ट लिहिलंय की माणसाकडे पैसे किती आहेत ते न बघता असेसमेंट करायचं. आधी गरज काय ते बघायचं, मग ती नियमात बसते का ते ठरवायचं, आणि त्यानंतर पैसे कोण देणार हा प्रश्न. त्या बाईंनी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली. मुद्दाम करतात असं नाही म्हणणार मी, कॉल सेंटरला बसलेल्या माणसाला एक स्क्रिप्ट दिलेली असते आणि त्यात २३,२५० पौंडांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो आकडा खराच आहे, सासूबाईंची बचत त्याच्या वर असेल तर त्यांच्या केअरचा खर्च त्यांनीच करायचा. पण तो फक्त त्यांच्या केअरसाठी, आणि त्यातही त्यांचेच पैसे मोजतात, तुमचे किंवा मुलाचे नाही. घरीच केअर घेत असतील तर राहतं घरही मोजत नाहीत. तुमच्या असेसमेंटचा आणि त्या चाळीस हजारांचा संबंधच नाही.

आता एक जरा नाजूक गोष्ट. आपल्याकडे केअरर म्हटलं की डोळ्यांसमोर युनिफॉर्म घातलेली, एजन्सीकडून येणारी बाई येते. स्वतःला केअरर म्हणायला जीभच वळत नाही, मी सून आहे, मी केअरर कशी? मराठीत त्याला धड शब्दही नाही. पण इथे कायद्यात तुम्हीच केअरर आहात, आणि हा शब्द वापरल्याशिवाय सिस्टिममधलं एकही दार उघडत नाही. आधी जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि सांगा की मला केअरर म्हणून रजिस्टर करा, सासूबाईंच्या फाइलवर नाही, तुमच्या स्वतःच्या. त्याने तुम्हाला फ्लूची लस फुकट मिळते हा छोटा फायदा, मोठा फायदा हा की उद्या तुमची पाठ गेली किंवा बीपी वाढलं तर कशामुळे हे रेकॉर्डवर असतं.

मग कौन्सिलला परत फोन. सासूबाईंची माहिती द्यायला सुरुवात करू नका, नाहीतर परत त्याच स्क्रिप्टवर गाडी जाईल. पहिलं वाक्य हेच, इंग्रजीतच म्हणा: 'आय ॲम अ‍ॅन अनपेड केअरर, आय वुड लाइक अ केअरर्स असेसमेंट अंडर सेक्शन टेन ऑफ द केअर ॲक्ट.' सेक्शनचा नंबर ऐकला की समोरचा सावध होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, थोडं हसूही येतं पण काम करतं. फोननंतर तेच दोन ओळीत ईमेलने पाठवा, तारीख नोंदली जाते. काही ठिकाणी कौन्सिल हे काम तिथल्या केअरर्स सेंटरकडे देते, तेव्हा तिकडे पाठवलं तर टाळलं असं समजू नका, उलट ती माणसं बरेचदा जास्त वेळ देतात. काही जण ऑनलाइन फॉर्म देतील, स्वतःच भरा म्हणून. हलकी केस असेल तर ठीक, पण तुमच्यासारखी रात्रीची जागरणं असतील तर समोरासमोर किंवा निदान फोनवर बोलायचंय असा आग्रह धरा. आणि सासूबाई खोलीत नसताना बोलायचंय हेही आधीच सांगा, त्यांच्यासमोर तुम्ही खरं बोलणार नाही हे आम्हालाही माहीत असतं.

इथे सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कारण असेसमेंट मिळूनही आपली माणसं हातात काही न घेता परत येतात ती इथे. 'मॅनेज होतं' हे वाक्य तोंडातून काढू नका!! आपल्या बायकांना सवय असते, कोणी विचारलं की सगळं छान चाललंय, पाहुण्यासमोर रडगाणं कशाला. मी येणार म्हणून घर आवरलेलं, सासूबाईंना नवी साडी नेसवलेली, आणि मग माझ्या फॉर्मवर मी काय लिहू? ऐकलं ते लिहावं लागतं: केअरर रिपोर्ट्स शी इज मॅनेजिंग. त्या एका ओळीवर केस बंद होते. वर आपल्या समाजाबद्दल एक गैरसमज इथल्या सिस्टिममध्ये वर्षानुवर्षं आहेच, दे लुक आफ्टर देअर ओन, म्हणजे हे लोक आपलं आपण बघतात, यांना मदत लागत नाही. त्याला आपणच खतपाणी घालतो.

एकदा एका घरी गेले होते. सूनबाई पन्नाशीच्या, झोप कशी आहे विचारलं तर म्हणाल्या बरी आहे. उठताना सहज लक्ष गेलं, सासूच्या खोलीच्या दाराच्या कडीला पैंजण बांधलेले होते आणि बाहेर पॅसेजमध्ये एक घडी केलेली सतरंजी आणि उशी. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या त्या रात्री उठून जिन्याकडे जातात, दार हललं की आवाज येतो म्हणून मी इथेच झोपते. चौदा महिने! आणि हे त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी परत बसले, फॉर्म परत उघडला. ते पैंजण दिसले नसते तर त्या बाईंना एक लीफलेट मिळालं असतं फक्त.

म्हणून दोन आठवडे डायरी ठेवा. मोठी काही नको, फोनच्या नोट्समध्ये चालेल. कितीला उठलात, किती वेळ लागला, काय केलं. आंघोळ घालणं, भरवणं तर लिहालच, पण आपण जे काम धरतच नाही ते जास्त लिहा: पार्किन्सन्सच्या गोळ्या ठरलेल्या वेळेलाच द्याव्या लागतात म्हणून तुम्ही घड्याळाला बांधलेल्या असता, बाथरूमच्या बाहेर उभं राहणं, एकच प्रश्न वीस वेळा, दुसऱ्या खोलीत असताना एक कान तिकडे, हॉस्पिटलचे फोन, प्रत्येक अपॉइंटमेंटला दुभाषी म्हणून जाणं. आणि चांगला दिवस नका सांगू, वाईट दिवस सांगा, महिन्यातून किती वेळा तसा येतो तेही सांगा. हे खोटं बोलणं नाहीये, आपण नेहमी जे झाकतो ते उघडं करणं आहे.

नियम काय बघतात तेही समजून घ्या म्हणजे त्या दिशेने बोलता येईल. तीन प्रश्न असतात. तुमची गरज काळजी घेण्यामुळेच निर्माण झालीये का. त्यामुळे तुमची तब्येत ढासळायचा धोका आहे का किंवा ठरवून दिलेल्या आठ गोष्टींपैकी कुठली तुम्हाला जमत नाहीये का. आणि तिसरं, त्याचा तुमच्या एकंदर आयुष्यावर ठळक परिणाम होतोय का. त्या आठ गोष्टी म्हणजे मुलांचं बघणं, दुसऱ्या कोणाची काळजी, घर राहण्यासारखं ठेवणं, नीट जेवणं, नातीगोती सांभाळणं, नोकरी किंवा शिक्षण, आसपासच्या सोयी वापरणं, आणि स्वतःची करमणूक. हो, करमणूक कायद्यात आहे, चैन म्हणून नाही. सासूबाईंच्या असेसमेंटमध्ये दोन गोष्टी अडाव्या लागतात, केअररला एकच पुरते, हे बऱ्याच स्टाफलाही आठवत नाही. आणि 'जमत नाही' याचा अर्थही बराच मोठा आहे, करता येतं पण खूप त्रास होऊन, वेदना होऊन किंवा स्वतःची तब्येत धोक्यात घालून, तर तेही न जमणंच धरतात.

आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे असा नियम आहे: तुम्ही हे करायला समर्थ आहात का आणि तयार आहात का, पुढेही राहाल का. एबल अँड विलिंग. हा प्रश्न आला की आपल्या घरात एकदम शांतता होते. नाही म्हटलं तर काय वाटेल! भारतात आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकणारा २००७ चा कायदा आहे, इथे तसं काही नाही, मोठ्या माणसाची काळजी घ्यायची सक्ती इथला कायदा ना मुलावर करतो ना सुनेवर. म्हणून उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देऊ नका, तुकडे करा. स्वयंपाक, गोळ्या, गप्पा मी आनंदाने करेन, पण आंघोळ माझ्याने होत नाही कारण माझी पाठ, आणि आठवड्यातल्या दोन रात्री मला झोप हवी. असं बोललात की आम्हाला प्लॅन करता येतो, मी सगळं करते म्हटलं की प्लॅनमध्ये सगळं तुमच्याच नावावर जातं.

हाती काय लागतं? आधीच सांगते, फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका, कौन्सिलकडे पैसे कमी आहेत आणि प्रत्येक कौन्सिल वेगळी. गरज नियमात बसली तर सपोर्ट प्लॅन होतो आणि बरेचदा तुमच्या नावाने डायरेक्ट पेमेंट मिळतं, वर्षातून एकदा वगैरे, त्यातून कोणी जिमची फी भरतं, कोणी ड्रायव्हिंग शिकतं, कोणी वॉशिंग मशीन घेतं. कायद्याने कौन्सिल केअररकडून पैसे घेऊ शकते पण बहुतेक घेत नाहीत. शिवाय उचलायचं-बसवायचं कसं याचं ट्रेनिंग, आणि इमर्जन्सी प्लॅन, म्हणजे उद्या तुम्हीच ॲडमिट झालात तर घरी कोण येईल. हा प्लॅन नक्की मागा.

रेस्पाइटची मेख मात्र कळायला हवी. तुम्हाला ब्रेक मिळावा म्हणून घरात कोणी येऊन सासूबाईंजवळ बसलं किंवा त्या दोन आठवडे केअर होममध्ये राहिल्या, तर ब्रेक तुमचा असला तरी कायद्याच्या भाषेत ती सर्व्हिस त्यांना दिली जाते, म्हणून बिल त्यांच्या नावाने आणि तिथे ते चाळीस हजार आडवे येतात. त्यामुळे त्यांचंही नीड्स असेसमेंट मागाच. पैसे त्यांचेच जाणार असतील तर कशाला, असं वाटेल, पण ऑक्युपेशनल थेरपिस्ट येऊन बघतो आणि इंग्लंडमध्ये उपकरणं, तसंच १,००० पौंडांपर्यंतचे घरातले छोटे बदल, फुकट असतात, बचत कितीही असो. ग्रॅब रेल, कमोड, बेड लीव्हर. पैंजणाऐवजी दाराला सेन्सर लावता येतो हो, फक्त त्याला महिन्याचा चार्ज असतो बऱ्याच ठिकाणी.

पैशांचं आता भराभर सांगते, आकडे २०२५-२६ चे, दर एप्रिलला बदलतात. सुरुवात अटेंडन्स अलाउन्सपासून, म्हणजे आजारपणामुळे मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचा सरकारी भत्ता, तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत म्हणजे बहुतेक घेतलाच नाहीये. तो सासूबाईंना मिळतो, बचत बघत नाहीत, आठवड्याला ७३.९० किंवा दिवस-रात्र दोन्ही मदत लागत असेल तर ११०.४० पौंड. मदतीची गरज सहा महिन्यांपासून हवी, तुमची कधीच झालीये. मागच्या तारखेपासून देत नाहीत, पण फोन करून फॉर्म मागवला आणि सहा आठवड्यांत परत केला तर फोनच्या तारखेपासून धरतात, म्हणून डाउनलोड करण्यापेक्षा फोन करा. फॉर्म लांबलचक आहे, एज यूके किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मदत करणाऱ्या संस्थांकडे भरून देतात. हा मिळाला की बाकीची कुलुपं उघडतात.

केअरर्स अलाउन्स तुमचा, आठवड्याला ८३.३०, पण त्यांना अटेंडन्स अलाउन्ससारखं काहीतरी मिळत असलं पाहिजे, तुम्ही ३५ तास करत असलं पाहिजे आणि कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या आत, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनचा अर्धा हप्ता वजा करून. एक पौंड वर गेला की पूर्ण अलाउन्स जातो, थोडा कमी होत नाही, आणि ओव्हरटाइम कळवायचा राहिला म्हणून नंतर हजारोंची वसुली आलेली माणसं मी बघितलीत. पगार बदलला की त्याच आठवड्यात कळवा. नुसत्या या पैशासाठी नोकरी सोडू नका ताई, ८३ पौंडांत कुठली पेन्शन बनत नाही. ज्यांची नोकरी सुटलीच आहे पण अलाउन्स बसत नाही त्यांनी केअरर्स क्रेडिट बघा, २० तासांवर मिळतं, हातात पैसे नाहीत पण स्टेट पेन्शनचं वर्ष वाया जात नाही.

हा अलाउन्स १९७६ ला वेगळ्या नावाने सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना मिळतच नव्हता, का तर त्या घरीच असतात! जॅकलिन ड्रेक नावाची एक बाई आईची काळजी घ्यायची, ती युरोपियन कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. ते वाचलं तेव्हा मला आपल्याकडची प्रत्येक सून आठवली.

काउन्सिल टॅक्सही बघा. डिमेन्शियाचं निदान असेल तर डॉक्टरच्या सहीने सासूबाई मोजणीतून वगळल्या जाऊ शकतात, आणि ३५ तास काळजी घेणारी, त्याच घरात राहणारी सूनही वगळली जाऊ शकते (नवरा-बायकोला एकमेकांसाठी हे नाही). दोघी बाजूला झालात तर घरात मोजायला फक्त तुमचे मिस्टर उरतात, म्हणजे २५ टक्के सूट.

नोकरीवर: ६ एप्रिल २०२४ पासून पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह आहे, बिनपगारी, पुरावा मागता येत नाही, अर्धा-अर्धा दिवसही घेता येते. आठवडा म्हणजे तुमचा कामाचा, तुम्हाला तीन दिवस. बिनपगारी रजेला हक्क म्हणायचं का, ते सोडा.

वाचणाऱ्यांपैकी कोणी व्हिसावर असेल तर जपून. पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते, नाहीत असं व्हिसावर लिहिलं असेल तर केअरर्स अलाउन्स आणि अटेंडन्स अलाउन्स त्या यादीत येतात, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका. केअरर्स असेसमेंट त्या यादीत नाही.

परत टाळाटाळ झाली तर: कायद्यात असेसमेंटला ठराविक दिवस दिलेले नाहीत, पण वाजवी वेळेत व्हायला हवं. चार-सहा आठवडे काहीच हललं नाही तर कौन्सिलकडे लेखी तक्रार, कंप्लेंट हाच शब्द विषयात लिहा, क्वेरी नको. नकार मिळाला तर कारण लेखी मागा, ते देणं त्यांना भाग आहे. त्यानंतर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारं स्वतंत्र कार्यालय, साधारण १२ महिन्यांच्या आत, फुकट. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडला कायदे वेगळे आहेत, स्कॉटलंडमध्ये ॲडल्ट केअरर सपोर्ट प्लॅन म्हणतात आणि पैशाला केअरर सपोर्ट पेमेंट, तिकडच्यांनी वरचे सेक्शन नंबर वापरू नयेत.

आता सासूबाईंचं. तुमचं असेसमेंट त्यांना न सांगता, त्यांच्या संमतीशिवाय होऊ शकतं, त्यांनी स्वतःचं नाकारलं तरीही, कारण ते तुमच्याबद्दल आहे. त्यांचं होईल तेव्हा मात्र कौन्सिलकडून मराठी दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत, तुम्ही स्वतः दुभाषी बनू नका. परक्या बाईच्या हातून आंघोळ नको म्हणतात असं लिहिलंय तुम्ही, तर पहिले काही दिवस ती बाई तुम्ही घरी असताना येऊ दे, नुसतं डोक्याला तेल लावू दे, वेणी घालू दे. आंघोळीचा विषयच काढू नका.